ढोलकी वजा करताना

सागर शिवगणला राग यायला कारण लागत नाही, असं त्याच्या शाळेतली पोरं म्हणत. हे साफ खोटं होतं. कारण होतं. ते शेजारच्या प्लॉटवर राहत होतं आणि रोज सकाळी दोन घरांमधल्या दगडी गडग्यावर बसून मिश्री लावत होतं. त्या कारणाचं नाव रावजी.

रावजीआबा म्हणजे शक्ती-तुऱ्यातले जुने शाहीर. शक्ती-तुरा म्हणजे काय ते ज्याला ठाऊक नाही त्याने रत्नागिरीत तसं मोठ्याने बोलू नये. दोन बाजू, दोन शाहीर, मध्ये पायात चाळ बांधून गोल नाचणारी पोरं. एका शाहिराने गाण्यातून पुराणातलं कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचं. नाही सोडवता आलं तर उरलेली हयात टोमणे ऐकायचे. सागरचे वडील महिपत हेही शाहीर होते. सागर लहान असताना पालीच्या सामन्यात रावजीने त्यांना विचारलं होतं, 'धरणी शेषाच्या माथ्यावर, तर शेष बसला कशावर?' आणि रावजीच्या म्हणण्याप्रमाणे महिपत गप्प झाले. ढोलकी वाजत राहिली, पण उत्तर काही आलं नाही.

पुढे महिपत वारले, सागर शिकून भौतिकशास्त्राचा मास्तर झाला, कातळावरच्या नव्या वसाहतीत त्याने घर बांधलं, आणि शेजारचा प्लॉट कुणी घेतला असेल तर रावजीने. तेव्हापासून रावजी रोज गडग्यावरून विचारत, दूधवालाही दूध घालताना विचारी, 'काय मास्तर, शेष कशावर?' न्हावी मान खाली दाबून विचारी. वर्गात सागर फळ्याकडे वळला की मागच्या बाकावरून हळूच प्रश्न येई. महिपत जिवंत असताना सागर त्यांच्यावर चिडायचा, 'बाबा, तुम्हाला उत्तर येत होतं ना? मग बोलत का नाही?' त्यावर ते नुसते हसायचे. म्हणायचे, 'रावजी सांगतो ता खरा.' बापाच्या या भिडस्तपणाचा सागरला रावजीहूनही जास्त राग होता.

एवढ्यावरही निभावलं असतं. पण यंदा शाहिरांच्या मंडळाने रावजीआबांचा सत्कार ठरवला. फेटा, शाल, श्रीफळ आणि वर एक स्मरणिका. मंडळाचे सचिव काशीराम घरी येऊन मोठ्या उत्साहाने सांगून गेले, की स्मरणिकेत पालीच्या सामन्याची हकीकत सविस्तर छापणार आहोत, 'तुमच्या वडिलांचं नाव अगदी ठळक टाइपात येईल.' सागरच्या हातातला चहा बशीत सांडला. तोंडी टोमणा वाऱ्यावर जातो. छापलेला टोमणा नातवंडं वाचतात.

नेमक्या त्याच आठवड्यात फुजैलने माळा साफ केला. फुजैल हा सागरचा शाळेपासूनचा दोस्त. बाजारात त्याचं स्पीकर आणि अॅम्प्लिफायरचं दुकान होतं. त्याच्या वडिलांनी कुवेतहून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर तो सामना रेकॉर्ड केला होता. ती कॅसेट माळ्यावर सापडली.

दोघांनी ती लावली. रावजीचा प्रश्न स्वच्छ ऐकू आला, मेल्याचा आवाज तेव्हाही खणखणीत होता. पुढे मात्र नुसती ढोलकी. ढोलकी, ढोलकी आणि ढोलकी. पण तिच्या खाली कुणीतरी बोलत होतं. शब्द लागत नव्हते, तरी माणसाचा आवाज होता यात शंका नाही.

'बाबा उत्तर देतायत!' सागर ओरडला. 'ढोलकीवाला रावजीने फितवलेला असणार. मुद्दाम बडवतोय!'

'भाचा पुण्याला आसतो ना तुजा? त्येच्या कम्प्युटरवर साफ करून घे,' फुजैल म्हणाला.

सागरने गडग्यावरून रावजीला सहज सांगितलं, की पालीच्या सामन्याची कॅसेट सापडलीय, ती साफ करतोय. रावजी पिंक टाकून म्हणाले, 'आरं सागऱ्या, जुना कशाला उकरतंस? ऱ्हावदे. आनि आता मोबाईलात कुनाच्याय तोंडी काय पन घालतात. मी नाय मानायचो.'

घाबरला, सागरने ठरवून टाकलं. पण मुद्दा बिनतोड होता. मोबाईल नको, कम्प्युटर नको. मूळ कॅसेट, उघड्या तारा आणि पंचांसमोर निकाल. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला यापेक्षा काय हवं?

उपाय त्याने स्वतःच शोधला. त्याचं नाव अॅक्टिव्ह क्रॉसओव्हर. वेदिकाने, म्हणजे त्याच्या बायकोने, 'हे काय नवीन?' असं विचारण्याची चूक केली आणि तिला तासभर व्याख्यान ऐकावं लागलं. साध्या म्युझिक सिस्टिममध्ये आधी आवाज मोठा करतात आणि मग स्पीकरच्या पेटीत त्याची जाड-बारीक वाटणी होते. क्रॉसओव्हरमध्ये वाटणी आधीच करायची. सुपात पाखडून तांदूळ एकीकडे, कणी एकीकडे. ढोलकीचा जाड आवाज एका अॅम्प्लिफायरला, माणसाचा बारीक आवाज दुसऱ्याला. जाड बाजूचा अॅम्प्लिफायर बंद केला की राहिला फक्त बाप.

'विकत मिळत नाही का?' वेदिकाने विचारलं.

'मिळतो. पण विकतच्या पेटीत काय आहे ते रावजीला दाखवणार कसं?'

बोर्ड त्याने जेवणाच्या टेबलावर बनवला. सोल्डरिंगचे डाग देताना टेबलक्लॉथ दोन-चार ठिकाणी पेटला, ते सोडा. आयसीची चिप उलटी बसवल्यामुळे एकदा सगळ्या घराची लाइट गेली, तेही सोडा. पण स्पीकरच्या पेट्यांसाठी लाकूड हवं होतं, आणि माळ्यावर फणसाच्या जुन्या फळ्या होत्या. त्या वेदिकाच्या वडिलांनी देव्हाऱ्यासाठी हेदवीहून पाठवल्या होत्या. सागरला हे ठाऊक होतं. रागाच्या भरात आठवलं नाही, एवढंच.

'देव कुठे ठेवू आता?' वेदिकाने सुताराच्या देखत विचारलं. सागर चिडून म्हणाला, 'ठेव माझ्या डोक्यावर!' वेदिकाने ते जवळजवळ ऐकलंच. सिस्टिमच्या वरच भिंतीला एक फळी ठोकून तिने देव तिथे मांडले आणि त्यांच्यापुढचा मिणमिणता इलेक्ट्रिक दिवा सागरच्या एक्स्टेन्शन बोर्डात खोचला.

सगळं जोडून झालं. सागरने बटण दाबलं आणि स्पीकरमधून 'घूंऽऽऽ' असा आवाज आला. कॅसेट लावली तरी घूं, काढली तरी घूं. बाप राहिला बाजूला, घरात भुंगा शिरल्यासारखं झालं.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर एक वेळ लोक येणार नाहीत, पण यंत्र बिघडलं की चपला काढायला जागा उरत नाही. एकाने वायर बदलायला सांगितली, एकाने घर. सोनूबाई, म्हणजे रावजीची बायको, सोलकढीचं भांडं घेऊन आली आणि म्हणाली, 'जाग्याचा राखनदार रागावला आसल. बांधताना नारळ दिलवतास काय?' फुजैलने मात्र मान हलवून सांगितलं, 'मास्तर, तुजा अर्थिंग खोटा हाय. खाली सगला कातल. करंट जाल खय?'

हे पटलं. जांभ्याच्या कातळात अर्थिंग लागत नाही हे सागर दरवर्षी दहावीला शिकवत होता. त्याने अंगणात खड्डा काढायला दोन गडी लावले. खोल खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ. गडी पहारीने कातळ फोडू लागले. कातळ चांगला निघाला. इतका चांगला, की गडी म्हणाले, 'फोडून कशाला घालवताय? चिरे पाडतो.' फाटकाशी चिऱ्यांची सुबक रास उभी राहिली.

रास दिसल्यावर वसाहतीत बातमी पसरली, की मास्तर विहीर काढतोय. लगेच धोंडू पाणाडी आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण पाणाड्याला बोलावतं कोण? तळहातावर आडवा नारळ ठेवून तो अंगणभर फिरला. खड्ड्यावर नारळ हलला नाही. चालत चालत धोंडू थेट दिवाणखान्यात शिरला आणि उजव्या स्पीकरसमोर नारळ ताडकन उभा राहिला.

'हितं हाय पानी,' धोंडू म्हणाला. 'ह्यो खोका काडा.'

'बाहेर!' सागर गरजला.

'ऱ्हायला. पन मागनं बोलवलात तर मी येनार नाय.'

तिसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेब आले. कुणीतरी जागरूक नागरिकाने तक्रार केली होती. चिरा हे गौण खनिज, त्याचं उत्खनन विनापरवाना. सागरने आधी आवाज चढवला, मग फिजिक्स समजावलं, मग पुन्हा आवाज चढवला. भाऊसाहेब शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पंचनामा लिहिला: 'सदर इसमाने राहत्या घराच्या आवारात जांभा दगडाचे उत्खनन केल्याचे दिसून आले. प्रयोजन विचारले असता, वडिलांच्या आवाजामागील ढोलकी कमी करणे, असे सांगितले. वडील हयात नाहीत.'

'हे असं नका लिहू हो!' सागर कळवळला.

'आपण जे सांगितलंत तेच लिहिलंय. यात काय खोटं आहे?' भाऊसाहेब म्हणाले. खोटं काहीच नव्हतं, म्हणून सागरला जास्त राग आला.

खड्डा नियमित करायचा तर अर्ज, नकाशा आणि लगतच्या खातेदाराची संमती हवी. लगतचा खातेदार कोण, हे सांगायला नको. एका संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून सागरला गडगा ओलांडावा लागला. ज्याचं तोंड बंद करायचं त्याच्याच सहीसाठी त्याच्याच पडवीत बसणं यापेक्षा कातळावर डोकं आपटलेलं बरं, असं त्याला वाटलं.

रावजीने अर्ज उलटसुलट करून पाहिला. 'सागऱ्या, नको करू. मी तुला चांगला सांगतंय. त्यात काय नाय.'

'घाबरलात का आबा?'

रावजीने त्याच्याकडे पाहिलं, पेन मागितलं आणि सही केली. 'शनिवारी समद्यांसमोर लाव. तुजा बापूस बोल्ला आसल तर मी सत्काराला जानार नाय. नाय बोल्ला, तर मना फेटा तू बांदायचास. तुज्या हातान.'

'मंजूर,' सागर म्हणाला.

खड्डा झाला, पट्टी पुरली, मीठ ओतलं. शनिवारी दुपारी घर भरलं. काशीराम स्मरणिकेचा मजकूर घेऊन आले, कारण रात्री छपाईला जायचा होता. फुजैल आला, सोनूबाई आली, बोलावलं नसताना धोंडू आला. भाऊसाहेब उत्खननाचं प्रयोजन सिद्ध होतं की नाही ते बघायला आले. रावजी खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसले. सागरने चार वाक्यांचं प्रास्ताविक केलं आणि बटण दाबलं.

घूंऽऽऽ.

एवढा कातळ फोडला, सरकारी नोंद झाली, बापाचं नाव पंचनाम्यात आलं, आणि घूं जागच्या जागी! सागरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'या घरात एक वस्तू धड नाही! वेदिका, पहिले तो दिवा काढ डोळ्यांसमोरून!' दिव्याचा काही संबंध असेल असं त्यालाही वाटत नव्हतं. रागावलेल्या माणसाला समोर दिसेल त्याच्यावर ओरडावं लागतं. वेदिकाने त्याच्याकडे असं पाहिलं, की फुजैलने नजर खाली घातली. तिने देवांना हात जोडले आणि दिव्याचा प्लग खसकन उपटला.

घूं बंद झाली.

खिडकीतून खड्डा सगळ्यांना दिसत होता. भाऊसाहेबांनी खिशातलं पेन चाचपलं.

सागरने घाईघाईने कॅसेट लावली आणि घाईतच एक बाजू बंद केली. चुकीची. घरभर नुसती ढोलकी घुमली. अशी खोल, गोल ढोलकी कुणी जन्मात ऐकली नव्हती. सागरच्या हातचं हे काम खरोखर उत्तम झालं होतं, पण त्याला ते कळायची सोय नव्हती, कारण काशीराम उठून नाचायला लागले होते. मागोमाग धोंडू. रावजीची काठी फरशीवर ठेका धरू लागली.

'बसा! बसा खाली!' सागर ओरडला. त्याने बाजू बदलली. ढोलकीची नुसती बारीक टिचकी उरली. चाळांची छुमछुम मोकळी झाली आणि तरण्या रावजीचा आवाज खोलीत उभा राहिला: 'सांग शाहिरा, शेष बसला कशावरऽऽ?'

सगळे पुढे वाकले. टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळून एक आवाज आला. पण तो महिपतचा नव्हता. बारीक, रडवेला, हट्टी आवाज होता.

'बाबा, शी लागली.'

मग महिपतची कुजबुज. 'थांब रे राजा, येवडा उत्तर देतंय.'

'आताऽऽ लागली!'

'सागऱ्या, जरा कळ काड.'

'बाबा, येतेऽऽय!'

मग धडपड, आणि लगेच रावजीचा घाईचा, दबका आवाज. 'मैपत, जा तू, पोराला घेवन जा! आरं, ढोलकी थांबवू नको रं, वाजव, जोरात वाजव! लोकांना आयकू जाता नये!'

चाळ वाजत राहिले. सागर कॅसेट बंद करायला हात पुढे करत होता, पण हात चालेना. मग दुरून, खूप दुरून, पळत पळत मागे वळून ओरडणाऱ्या माणसाचा आवाज आला. धाप लागलेला, हसू आवरत नसलेला.

'कूर्मावर रे रावजी! कूर्मावर! शेष बसला कूर्मावरऽऽ!'

कॅसेट खट् करून संपली. फुजैल तोंडावर रुमाल धरून व्हरांड्यात गेला. तिथून त्याचे हुंदके ऐकू येत होते, पण ते रडण्याचे नव्हते. वेदिकाने पदर तोंडात कोंबला होता. सागरचे कान लालभडक झाले होते. तो रावजीकडे वळला आणि एवढ्या वर्षांचा सगळा राग एकदम बाहेर आला.

'तुम्हाला माहीत होतं! माहीत असून रोज, रोज मला विचारत होतात? गडग्यावर बसून?'

'सामना संपल्यावर तुजा बापूस आला,' रावजी हळू म्हणाले. 'मना बोल्ला, रावजी, मैपत हरला म्हनून सांग. पोराचा नाव घेव नको. पोर मोठा व्हयाचा हाय, लोक हसतील त्याला. शपथ घातलान मना. मी पाळली. टोमना मारायचा नाय, आशी शपथ काय त्यान घातलेली नव्हती.' त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. 'पन मैपतान उत्तर दिलान, ह्या मना म्हायत नव्हता रं. देवाशप्पत. ढोलकी मीच वाजवायला लावली. मग मना कसा आयकू येनार? म्हंजे मीच हरलो की रं. आनि तो मना कदी बोल्ला नाय.'

रावजीचे डोळे भरले. सागरला यावरही चिडायचं होतं, पण राग येईना. हसून 'रावजी सांगतो ता खरा' म्हणणारा बाप त्याला दिसला. त्या हसण्याला आपण भिडस्तपणा म्हणत होतो.

काशीराम खाकरले. 'मग मास्तर, छापायचं काय? छापखान्याचा माणूस बाहेर थांबलाय. पाहिजे तर आहे तेच राहू दे. महिपत गप्प झाले. म्हणजे तुमचं काही निघणार नाही.'

सागरने खोलीवरून नजर फिरवली. शाळेतली पोरं आठवली. मागचा बाक आठवला. दूधवाला आठवला, न्हावी आठवला.

'छापा!' तो ओरडला. 'सगळं छापा! महिपत शिवगण यांनी उत्तर दिलं असं छापा, आणि का दूर जाऊन दिलं तेही छापा! नाव पूर्ण घाला माझं! ठळक टाइपात!'

'शी हा शब्द स्मरणिकेत...'

'तोच शब्द घाला!'

रविवारी सत्काराला सभागृह भरलं होतं. बापूस बोलला होता, म्हणजे कराराप्रमाणे रावजी यायला नको होते. सागरनेच त्यांना हाताला धरून आणलं, वर स्वतःच्या हाताने फेटा बांधला आणि रागाने जरा जास्तच आवळला. 'कान ढिलं सोड रं,' रावजी म्हणाले. 'उत्तर आयकायचा हाय मना.' मग ते माइकपुढे उभे राहिले आणि थरथरत्या आवाजात त्यांनी तोच जुना प्रश्न गायला.

सागरला गाता येत नव्हतं. तरी तो उभा राहिला, बापाच्या चालीत, बेसूर, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, 'शेष बसला कूर्मावरऽऽ!' रावजीने काठी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि भर सभेत सांगितलं, 'मैपत, मी हरलो.'

टाळ्या थांबेनात. डोळे पुसायला खाली जावं म्हणून सागर व्यासपीठाच्या पायऱ्यांकडे घाईघाईने निघाला, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला. आवाज शांत होता, सरकारी होता.

'मास्तर, निवांत जाऊन या. घाई नाही. आम्ही तोवर ढोलकी वाजवतो.'

सागर जागच्या जागी गर्रकन वळला, मुठी आवळून तोंड उघडलं, पण तो काय बोलला ते कुणालाच ऐकू आलं नाही, कारण ढोलकी सुरू झाली होती.